औंढ्याची वेधशाळा आणि आपली विद्यापीठे

वाशीमकडून विदर्भाची सीमा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव महाराष्ट्राला आजवर एका ज्योतिर्लिंगामुळे आणि एका आख्यायिकेमुळे ठाऊक होते. देवळासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाला म्हणून नामदेव मागल्या बाजूस जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही ती आख्यायिका. त्याच औंढ्याच्या परिसरात आता 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कोनशिला बसली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत टांगलेले आरसे आणि त्या आरशांमधून ये-जा करणारा लेसर किरण, असे या वेधशाळेचे स्वरूप आहे. २०३० पर्यंत ती कार्यान्वित व्हावी, असे मंजुरीच्या वेळी योजिले होते.

बांधकाम केव्हा पुरे होईल, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी आम्हांस आज निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. वेधशाळा आज ना उद्या उभी राहील. तिच्यातून रात्रंदिवस आकड्यांचा ओघ सुरू होईल. तो ओघ वाचण्याचे काम उत्तरोत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे करू लागतील. परंतु यंत्राने केलेले वाचन बरोबर आहे की नाही, हे कोण तपासणार? ज्यांनी ते तपासावयाचे ते संशोधक आज नागपूर, अमरावती आणि नांदेड येथील बी.एस्सी.च्या वर्गांत बसलेले आहेत. निदान बसलेले असावयास हवेत. त्यांची तयारी आपण करीत आहोत काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. ही तयारी आज सुरू झाली नाही, तर जमीन आमची, पहारेकऱ्याची नोकरी आमची आणि ज्ञान मात्र दुसऱ्यांचे, अशी विदर्भ-मराठवाड्याची गत होईल.

प्रश्नाचे मर्म ध्यानी येण्यासाठी प्रथम थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. प्रचंड वस्तुमानाचे दोन गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले, की खुद्द अवकाशातच तरंग उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने सांगितले. ते तरंग प्रत्यक्ष पकडावयास ९९ वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन लायगो वेधशाळांना अवघ्या ०.२ सेकंदाची एक थरथर जाणवली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने ४ किलोमीटरच्या नळीच्या लांबीत जो फरक पडला, तो अणुगर्भातील एका प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. आता याच नळीला भूकंपाचे दूरचे हादरे जाणवतात, समुद्राच्या लाटा जाणवतात, रस्त्यावरच्या मालमोटारी जाणवतात. त्या कोलाहलातून ही थरथर वेगळी काढणे, हे या शास्त्राचे खरे कर्म आहे.

येथे महाराष्ट्राने मान ताठ ठेवावी अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी, अशा लहरी पकडू शकेल अशी एकही वेधशाळा जगात उभी नव्हती तेव्हापासून, ही निवड कशी करावी याचे गणित मांडले. धुरंधर आणि सत्यप्रकाश यांचा या विषयावरील निबंध १९९१ सालचा आहे. पद्धतीचे तत्त्व सांगावयास सोपे आहे. ज्या लहरी येण्याचा संभव आहे, त्यांचे नमुने सिद्धांताच्या आधारे आधीच तयार करावयाचे. आणि वेधशाळेत टिपलेल्या नोंदीवर ते एकामागून एक ठेवून पाहावयाचे. कुठे जुळते ते पाहावयाचे. गोंगाटात हरवलेली लहर जुळणीतून वर येते. २०१५ च्या त्या शोधाची खात्री पटविण्यात या जातीच्या गणिताचा मोठा वाटा होता. त्या वेळी औंढ्याला वेधशाळा नव्हती. पण पुण्याला विद्यार्थी होते, शिक्षक होते आणि दीर्घकाळ एका विषयाला चिकटून राहण्याची मुभा होती. आमच्या आजच्या लेखाचा सारा आशय या एका वाक्यात आहे.

या लहरींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एक उपयोग विश्वाचे माप घेण्याचा आहे. रात्रीच्या शांततेत अजनीच्या बाजूने आगगाडीची शिट्टी ऐकू आली, तर ती किती मंद आहे यावरून गाडी किती दूर आहे याचा अंदाज आपण बांधतो. कारण इंजिनाची शिट्टी जवळून किती मोठी असते, हे आपल्याला ठाऊक असते. गुरुत्वीय लहरींचेही असेच आहे. जोडगोळी एकमेकीच्या जवळ येऊ लागली की लहरीचा सूर चढत जातो. तो किती झपाट्याने चढतो, यावरून मूळ लहर किती जोरकस असावी ते कळते. आपल्यापर्यंत ती किती क्षीण होऊन पोचली, हे वेधशाळा सांगते. या दोहोंच्या तुलनेतून अंतर निघते. बर्नार्ड शुट्झ यांनी ही कल्पना १९८६ साली मांडली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली, पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला, आणि काही तासांतच दुर्बिणींनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत त्या घटनेचा प्रकाश शोधून काढला. लहरीवरून अंतर कळले, दीर्घिकेवरून ती आपल्यापासून दूर जाण्याचा वेग कळला. आणि विश्वाच्या प्रसरणाचा दर, ज्याला हबलचा स्थिरांक म्हणतात तो, एका नव्या आणि स्वतंत्र वाटेने मोजता आला.

हा दर किती, याविषयी आज शास्त्रज्ञांत एकमत नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणाचा अभ्यास केला तर दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ६७.४ किलोमीटर असे उत्तर येते. जवळपासचे तारे आणि स्फोट पावणारे तारे मोजले तर ७३ च्या आसपास येते. दोन्ही बाजूंना आपापल्या मापाची खात्री आहे. २०१७ च्या लहरीने दिलेले उत्तर ७० होते. पण त्यातील अनिश्चितता एवढी मोठी, की ६२ पासून ८२ पर्यंत काहीही असू शकले असते. ही अनिश्चितता कमी करावयाची तर अशा शेकडो घटना हाती आल्या पाहिजेत आणि प्रत्येक घटनेची दिशा अचूक कळली पाहिजे. औंढ्याचे महत्त्व येथे आहे. अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या जोडीला पृथ्वीच्या या भागात एक कान लागला, की लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे अधिक नेमके सांगता येईल.

घटना वाढत आहेत, हे सुदैव. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. एकेका घटनेचे जुन्या पद्धतीने पृथक्करण करावयास संगणकांना तास, प्रसंगी दिवसही लागतात. म्हणून संशोधक कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले. डॅनियल जॉर्ज आणि एलियू ह्युएर्टा यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, शिकविलेले यंत्र अशा लहरी तत्काळ ओळखू शकते असे दाखविले. जॉर्ज हे त्या काळी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेटचे संशोधन करीत होते. पुढे जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने तयार झालेल्या यंत्रप्रणालीने, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाचे सारे तपशील एका सेकंदात काढता येतात, असा निष्कर्ष २०२५ साली मांडला गेला. दुर्बिणींना वेळेवर इशारा द्यावयाचा तर ही गती अमूल्य आहे. तेव्हा यंत्राला नाके मुरडण्यात काही अर्थ नाही. जुन्या पद्धतीचा अभिमान म्हणून घड्याळ सोडून सावलीवर वेळ पाहण्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

परंतु यंत्र शिकते कसे, हे पाहिले पाहिजे. त्याच्यापुढे लक्षावधी कृत्रिम लहरी ठेवल्या जातात. अमुक लहर अमुक वस्तुमानाची, तमुक इतक्या अंतरावरची, असे त्याला सांगितले जाते. आणि तो धडा तो गिरवितो. आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत भूमिती शिकविली आहे. त्रिकोण अबक घेऊन सिद्धांत बिनचूक म्हणून दाखविणारा मुलगा प्रश्नपत्रिकेत त्रिकोणाची अक्षरे बदलली की बावरतो, हा अनुभव त्या पेशातील प्रत्येकास आहे. त्या मुलाने सिद्धांत जाणलेला नसतो, फळ्यावरची आकृती जाणलेली असते. मुलाच्या बाबतीत एक सोय असते: तो अडखळतो आणि त्याचे अज्ञान उघडे पडते. यंत्र अडखळत नाही. शिकविलेल्या कक्षेबाहेरचा प्रश्न आला तरी ते तितक्याच ठाम आवाजात उत्तर देऊ शकते.

मग होते काय? फिरणारी जोडी आपल्याकडे तोंड करून आहे की कलती आहे, यावरही लहरीचा जोर अवलंबून असतो. कलाचा अंदाज चुकला तर अंतर चुकते. शिकवणीतच एखादा कल राहून गेला असेल, तर यंत्र ती चूक एकदाच करून थांबत नाही. शेकडो घटनांत तीच चूक त्याच दिशेने करीत जाते. घटना वाढल्या की यदृच्छेच्या चुका एकमेकींना छेदून नाहीशा होतात, पण एकाच दिशेच्या चुका साचत राहतात. त्यातून निघालेला हबलचा स्थिरांक दशांशापर्यंत नेटका दिसेल आणि तरीही खोटा असेल. विश्वाविषयीच्या आपल्या कल्पनेत काही मूलभूत उणीव आहे काय, हा जो आजचा मोठा वाद, त्याचा निकाल अशा एका न दिसलेल्या चुकीवर लागू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १४ सप्टेंबर २०१५ ची ती पहिली लहर प्रथम ज्या पद्धतीच्या नजरेस आली, ती लहरीच्या नेमक्या आकाराविषयी काहीही गृहीत न धरणारी होती. नमुन्यांच्या जुळणीने तिची खात्री नंतर पटविली. जे अपेक्षित नाही त्यासाठीही कान मोकळा ठेवावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

या शास्त्रातील मंडळींनी स्वतःची परीक्षा कशी घेतली, याची हकीकत मनोरंजक आणि बोधप्रद आहे. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या नोंदींत एक ठळक लहर आढळली. संशोधकांनी सहा महिने खपून तिचे पृथक्करण केले, निबंधाचा मसुदाही सिद्ध केला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष एक लिफाफा उघडण्यात आला. ती लहर आकाशातून आलीच नव्हती. मोजक्या जबाबदार व्यक्तींनी ती गुप्तपणे यंत्रणेत घातली होती. खरी लहर आली तर आपले लोक ती ओळखतील काय आणि तिचे माप बरोबर घेतील काय, हे पाहण्यासाठी योजलेली ती परीक्षा होती. ते उत्तीर्ण झाले. जोसेफ वेबर यांनी १९६९ साली अशा लहरी सापडल्याची घोषणा केली होती आणि दुसऱ्या कोणालाही त्या सापडल्या नव्हत्या; ती फजिती या शास्त्राच्या स्मरणात होती. माणसांची परीक्षा घेणाऱ्या या शिस्तीतूनच २०१५ चा शोध निर्विवाद ठरला.

आता परीक्षा यंत्राची घ्यावयाची आहे, आणि परीक्षक पाहिजे आहेत. चांगली प्रश्नपत्रिका काढणे हे उत्तरपत्रिका लिहिण्याहून कठीण असते, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. यंत्र कुठे फसेल हे ओळखण्यासाठी सापेक्षता सिद्धांत कळला पाहिजे, संभाव्यतेचे गणित कळले पाहिजे, वेधशाळेतील गोंगाटाची नाडी कळली पाहिजे आणि यंत्राच्या पोटात काय चालते तेही कळले पाहिजे. हे एखाद्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र वर्गात येत नाही. त्याला चार-पाच वर्षे एका प्रश्नाशी झुंजावे लागते. त्यालाच पीएच.डी. म्हणतात, किंबहुना म्हणावयास हवे. नोकरीतील बढतीसाठी सादर करावयाचा एक जाडजूड दस्तऐवज, असा जो तिचा अर्थ आपल्याकडे रूढ होत चालला आहे, तो या कामाला उपयोगाचा नाही.

आमच्या विद्यापीठांची स्थिती काय आहे? नागपूर विद्यापीठाने २०२३ साली आपली शंभर वर्षे पुरी केली. शहरात त्याहूनही जुनी विज्ञानसंस्था आहे, राष्ट्रीय दर्जाची अभियांत्रिकी संस्था आहे. बुद्धीचा तुटवडा येथे कधीच नव्हता. परंतु राज्यभरच्या विद्यापीठांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरील शिक्षक कसाबसा अभ्यासक्रम उरकतो, आणि संशोधनासाठी मार्गदर्शक मिळणे हेच विद्यार्थ्याचे पहिले संशोधन होऊन बसते. हुशार मुलगा वा मुलगी पुण्या-मुंबईस किंवा परदेशी जाते. जाण्यास आमचा विरोध नाही. जावे लागते, याला आहे.

एक सबब मात्र यापुढे चालणार नाही. उपकरणे नाहीत, म्हणून संशोधन नाही, असे आजवर सांगितले गेले. गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत ते खरे नाही. लायगोच्या नोंदी ठराविक काळानंतर जगातील सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या जातात. २०१५ ची ती पहिली लहर नागपुरातील कोणीही विद्यार्थी आज रात्री साध्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो आणि तिचे पृथक्करण स्वतः करू शकतो. आकाश सर्वांचे आहे, नोंदही सर्वांची आहे. उणीव आहे ती विद्यार्थ्याच्या शेजारी बसून 'हे असे का?' म्हणून विचारणाऱ्या शिक्षकाची.

पैशाची सबबही तपासून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये आहे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढील तीन वर्षे वरिष्ठ, असा हिशेब केला तर घरभाडेभत्ता वगळून एका विद्यार्थ्यामागे पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात. शंभर विद्यार्थ्यांचे २४ कोटी. म्हणजे २,६०० कोटींच्या वेधशाळेच्या शेकडा एक टक्क्याहूनही थोडे कमी. घराचा खर्च शंभर रुपये धरला तर दिव्याचा खर्च एक रुपया. तो वाचवून घर अंधारात ठेवणारा गृहस्थ काटकसरी म्हणावयाचा की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

सबब आमच्या मागण्या मोजक्या आहेत. राज्य शासनाने केंद्राच्या सहकार्याने नागपूर, अमरावती, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांसाठी या विषयाच्या संशोधनाच्या जागा राखाव्यात आणि फेलोशिपचा हप्ता महिन्याच्या महिन्याला पोचेल अशी व्यवस्था करावी. भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र या विभागांतील रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. विद्यापीठांनी आयुकेशी नाते जोडावे. ती संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली विद्यापीठांतील शिक्षकांसाठीच काढली आणि संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी तिची दारे त्यांना उघडी ठेवली. महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांतावर जन्मभर प्रश्न उपस्थित करणारे नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांचे मत मान्य असो वा नसो, प्रश्न विचारण्याचा त्यांचा वारसा आपण चालविला पाहिजे.

ज्या मुलखात शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी नाही, तेथे कृष्णविवरांची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तो आम्ही हलका मानीत नाही. विदर्भातील वृत्तपत्राला तो मानता येणार नाही. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न शासनाच्या दारी आहे आणि तो तेथून हलू देता कामा नये. परंतु गोंगाटातून सत्य निवडण्याची, आणि यंत्राच्या ठाम उत्तराला 'कशावरून?' असे विचारण्याची विद्या केवळ आकाशापुरती नसते. उद्या पीकविम्याचा निवाडा, रोग्याच्या छायाचित्राचे निदान, पावसाचा अंदाज हेही यंत्रे सांगू लागतील. कित्येक ठिकाणी सांगू लागलीच आहेत. त्या यंत्रांना प्रश्न विचारणारी माणसे गरीब मुलखाला अधिक लागतात, कारण यंत्राच्या चुकीची किंमत तेथे अधिक पडते.

चंद्रशेखर वेंकट रमण हे १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. प्राध्यापक म्हणून नव्हे, अर्थखात्यातील अधिकारी म्हणून. त्यांच्या नावाचे विज्ञानकेंद्र आपल्या शहरात आहे आणि शाळांच्या सहली तेथे जातात. पुढे रमण यांनी सरकारी नोकरी सोडली ती कलकत्त्याच्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले होते म्हणून. बुद्धिमान माणसासाठी जागा करून ठेवण्याचे शहाणपण एका विद्यापीठाने दाखविले, आणि नोबेल पारितोषिक भारतात आले. नागनाथाचे देऊळ नामदेवांकडे फिरले, कारण मागल्या बाजूस का होईना, नामदेव तेथे उभे होते. औंढ्याची वेधशाळा आमच्याकडे वळावी असे वाटत असेल, तर तेथे आमचे कोणीतरी उभे असले पाहिजे.